चिनी बाजारासाठी घडविलेली युरोपी घड्याळे

आपण मराठीत वेळ विचारतो ती ‘किती वाजले?’ अशी. घड्याळ मुके असो, खिशातले असो की मनगटावरचे असो, प्रश्न वाजण्याचाच. ‘तास’ हा शब्दही मुळात वाजविण्याच्या धातूच्या थाळीचा; थाळीवर पडणाऱ्या टोल्यांवरून तो पुढे कालमानाचा वाचक झाला. आम्हा शिक्षकांचा तर सारा दिवस अजूनही अशाच एका लोंबत्या थाळीच्या हुकुमतीत जातो. चिनी भाषेतही हाच प्रकार आहे. मोठ्या घड्याळाला तेथे ‘जुंग’ म्हणजे घंटा म्हणतात, आणि युरोपातून आलेल्या पहिल्या घड्याळांना त्या लोकांनी नाव दिले ते ‘त्झ-मिंग-जुंग’, म्हणजे आपणहून वाजणारी घंटा. इंग्रजीतील ‘क्लॉक’ या शब्दाचे मूळही घंटेतच आहे. तेव्हा ज्या वस्तूची कथा येथे सांगावयाची आहे ती चीनमध्ये शिरली ती काळ मोजणारे यंत्र म्हणून नव्हे, तर नादाचे नवल म्हणून, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

ही घंटा चीनच्या राजवाड्यापर्यंत पोचविणारा माणूस आपल्या गोव्यातून गेलेला होता. माथेओ रिची हा इटालियन जेझुइट पाद्री १५७८ साली गोव्यास उतरला. तेथील सेंट पॉल कॉलेजात त्याने धर्मशास्त्राचे अध्ययन केले, कोचीन येथे त्याला दीक्षा मिळाली, आणि १५८२ साली तो मकावला गेला. त्याच प्रवासात त्याच्याबरोबर गोव्यास आलेला रोडोल्फो अक्वाव्हिवा अकबराच्या दरबारी जाऊन आला आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे मारला गेला. गोव्याच्या वाचकांस ते नाव परिचित असेल. रिचीचे दैव निराळे होते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून राजधानीकडे सरकता सरकता त्याची अठरा-एकोणीस वर्षे गेली. जानेवारी १६०१ मध्ये तो पेकिंग, म्हणजे आजच्या बीजिंग, येथे पोचला. वान्-ली बादशहापुढे त्याने जे नजराणे ठेवले त्यांत दोन घड्याळे होती; एक मोठे, वजनांवर चालणारे, आणि एक लहान, कमानीवर चालणारे, सोन्याचा मुलामा दिलेले.

पुढची हकीकत रिचीनेच लिहून ठेवली आहे. घड्याळाला किल्ली कशी द्यावयाची हे शिकण्यासाठी बादशहाने चार खोजे या पाद्र्यांकडे पाठविले. मोठ्या घड्याळासाठी लाकडी मनोरा उभारला गेला. लहान घड्याळ बादशहाने स्वतःजवळ ठेवले. ते पाहण्याची इच्छा राजमातेने प्रकट केली तेव्हा बादशहा पेचात पडला. आईला आवडले तर ते परत मागावे कसे? त्याने युक्ती केली. घड्याळ किल्ली न देताच तिच्याकडे पाठविण्यास सांगितले. मुकी, बंद पडलेली वस्तू पाहून राजमातेने ती परत केली. सम्राट झाला तरी तो मुलगाच! रिची स्वतः १६१० साली पेकिंग येथेच वारला, आणि पुढे शांघायचे घड्याळजी आपल्या धंद्याचा अधिदेव म्हणून त्याची पूजा करीत असत. ज्याला धर्म शिकवावयाचा होता त्याला कारागिरांनी आपल्या देवघरात बसविले, यातली गंमत त्याला स्वतःला रुचली असती की नाही, कोण जाणे.

चीनला यांत्रिक घड्याळ अगदीच अपरिचित होते असे मात्र समजू नये. सू-सुंग नावाच्या राजपुरुषाने अकराव्या शतकाच्या अखेरीस काइफंग येथे पाण्याच्या चक्रावर चालणारा प्रचंड घटीमनोरा उभारला होता. ११२७ साली जुरचेन आक्रमकांनी तो मोडून नेला, आणि पाचशे वर्षांत ती विद्या विस्मृतीत गेली. शिवाय चिनी दिवसाचे विभाग बाराच होते. त्यांचा एक ‘शिछेन’ म्हणजे आपल्या दोन तासांइतका. आपल्याकडे साठ घटिकांचा दिवस आणि लग्नात तरंगणारे घटिकापात्र असताना इंग्रजी घड्याळ आले तेव्हा जी तारांबळ उडाली तशीच तेथेही उडाली असणार. बारा आकड्यांची युरोपी तबकडी प्रथमतः चिनी माणसाला काळ सांगतच नव्हती. ती केवळ शोभत होती.

मांचू घराण्याच्या सत्तेत ही शोभा राजवाड्याचे व्यसन बनली. कांगशी बादशहाने राजवाड्यात घड्याळांची कार्यशाळा चालविली; त्याचा नातू चिएन-लुंग (राज्यकाल १७३६ ते १७९५) याने या छंदाचा कळस केला. पाद्र्यांना धर्मप्रसारास मोकळीक नव्हती, पण हातात कानस घेतली तर राजवाड्याचे दार उघडे होते. व्हांताव्हाँ नावाच्या एका फ्रेंच जेझुइटाने तर लिहून ठेवले आहे की, मला येथे घड्याळजी म्हणून बोलाविले खरे, पण बादशहाला घड्याळांपेक्षा चमत्कारिक यंत्रेच हवी असतात. चालणारे पुतळे, पंख फडफडविणारे पक्षी, उमलणारी कमळे, काचेच्या फिरत्या कांड्यांनी दाखविलेला धबधबा अशा वस्तूंची मागणी होती. कँटनमधील, म्हणजे आजच्या ग्वांगजौमधील, कारागीरही अशी घड्याळे बनवू लागले; पण बादशहाचा आग्रह असे की माल अस्सल विलायती हवा.

बीजिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयात विल्यमसन या लंडनच्या घड्याळजीचे एक घड्याळ आहे. चार मजली सोनेरी मंडप, आणि तळमजल्यावर एक गुडघे टेकून बसलेला युरोपी पुरुष. त्याच्या हाती ब्रश. यंत्र सुरू केले की तो शाईत बुडविलेल्या ब्रशाने कागदावर आठ चिनी अक्षरे लिहितो. आठही दिशांचे लोक आपल्या सुधारणेकडे वळतात आणि सर्व देशांतून लोक सम्राटास वंदन करावयास येतात, असा त्यांचा आशय. इंग्रज कारागिराने इंग्रजासारखाच एक पुतळा करावा, त्याला गुडघ्यावर बसवावे आणि त्याच्याकरवी चिनी सम्राटाचे मांडलिकत्व लिहवून घ्यावे! बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून कारागीर काय काय लिहितो याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपल्या दरबारी कवींच्या प्रशस्ती वाचताना मला हे घड्याळ अनेकदा आठवते.

या व्यापाराचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे लंडनचा जवाहिऱ्या जेम्स कॉक्स. कॉक्स स्वतः घड्याळजी होता असे म्हणणे कठीण. तो अनेकांचे हात एकत्र बांधणारा माणूस होता. त्याच्या घड्याळांत हत्ती, गेंडे, अननस, खडे, घंटानाद यांची रेलचेल असे. कँटनच्या बंदरी इंग्रजीत या मालाला ‘सिंग-साँग’ असे खेळकर नाव पडले होते. १७७०च्या सुमारास चिनी बाजारात असा माल तुंबला आणि कॉक्सची पंचाईत झाली. त्याने १७७२ साली लंडनमध्ये आपल्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले, प्रवेशमूल्य अर्धा गिनी ठेवले. पुढे पार्लमेंटकडून खास कायदा करून घेऊन सगळ्यांची सोडत काढली. १७७८ साली त्याचे दिवाळे वाजले. त्याच्या प्रदर्शनातला रुपेरी हंस, जो मान वळवून मासा टिपतो, इंग्लंडातील बोज संग्रहालयात आहे; आणि त्याचा सोनेरी मोर रशियाच्या एर्मिताज संग्रहालयात पिसारा उभारून उभा आहे. हैदराबादच्या वाचकांनी सालारजंग संग्रहालयातील ते घड्याळ पाहिलेच असेल, ज्यातला लहानगा माणूस तासाच्या आधी बाहेर येऊन टोले देतो. ते कुक अँड केल्व्ही या कलकत्त्याच्या पेढीचे, चीनशी त्याचा संबंध नाही. पण त्यापुढे जमणारी गर्दी पाहिली की कँटनच्या वखारीतली गर्दी कशी असेल याची कल्पना येते.

आता खिशातल्या घड्याळांकडे वळू. मोठ्या घड्याळांचा थाट राजवाड्यापुरता. परंतु कलेच्या दृष्टीने खरी नजाकत तळहातावर मावणाऱ्या घड्याळांतच आहे. ही बहुतेक स्वित्झर्लंडमधली, जिनिव्हा आणि नूशातेलच्या डोंगराळ भागातली. झाके-द्रो व त्यांचा सहकारी लेशो यांनी कॉक्ससाठीही काम केले. पुढे जिनिव्हाचे पिगे व मेलाँ, रोशा बंधू यांनी पक्ष्यांची, वाद्यांची, उंदीर-सुरवंटांच्या आकाराची अद्भुत खेळणी बनविली. लंडनची कीर्ती मोठी असल्यामुळे जिनिव्हात घडलेल्या कित्येक घड्याळांवर इल्बरी या लंडनच्या व्यापाऱ्याचे नाव कोरलेले असे.

अशा घड्याळाची पाठ म्हणजे मीनाकारीचे चित्र. आपल्याकडे मीनाकाम म्हटले की जयपूर डोळ्यांसमोर येते. तेथे सोन्यात खोदून खळग्यात रंग भरतात. जिनिव्हाची रीत वेगळी. सोन्याच्या पत्र्यावर काचेच्या भुकटीचा थर भाजून प्रथम पांढरी गुळगुळीत भूमी तयार करीत. मग धातूंच्या भस्मांचे रंग तेलात कालवून दोन-चार केसांच्या कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि ते भट्टीत घालावयाचे, सुमारे आठशे अंश सेल्सिअस उष्णतेत. प्रत्येक रंगाला लागणारी आच निराळी. अधिक आच लागणारे रंग आधी, नाजूक रंग नंतर, असे करीत चित्र अनेक वेळा भट्टीत जाई. एखाद्या वेळी तडा गेला की आधीचे सारे श्रम फुकट. शेवटी वरून पारदर्शक काचेचा एक पातळ थर देत. त्यास ‘फाँदाँ’ म्हणत आणि तो जिनिव्हाचा विशेष होता. या थरामुळे चित्राला पाण्याखाली पाहिल्यासारखी खोली येते आणि रंग दोन शतकांनंतरही काल भाजल्यासारखे दिसतात. झाँ-लुई रिश्तर (१७६६ ते १८४१) हा या कामातला श्रेष्ठ चित्रकार. सरोवरे, गलबते, बंदरे ही त्याची आवडती चित्रे.

विषयांची निवडही विचारात घेण्याजोगी आहे. चिनी ग्राहकासाठी म्हणून चिनी चित्रे क्वचितच काढीत. गिऱ्हाइकाला हवे होते ते दूरदेशीचे: जिनिव्हाचे सरोवर, मूल घेतलेली तरुणी, फुलांचे गुच्छ. आकार मात्र ग्राहकाच्या आवडीचे असत. पीच फळ, पंखा, फुलपाखरू या आकारांची घड्याळे पुष्कळ मिळतात. पीच फळ हे तेथे दीर्घायुष्याचे चिन्ह आहे, हे स्विस कारागिराला कोणी तरी सांगितले असले पाहिजे. काठाभोवती मोत्यांची ओळ असे. मोती अर्धे कापून एकाच मापाचे निवडून बसवीत, म्हणजे ते पृष्ठभागावर सपाट बसतात आणि हातास टोचत नाहीत.

शिवाय ही घड्याळे जोडीने विकली जात. एकावरचे चित्र दुसऱ्यावर आरशात पाहिल्यासारखे उलटे. येथला पक्षी डावीकडे पाहतो, तर तेथला उजवीकडे. याची दोन कारणे सांगतात. चीनमध्ये भेट जोडीने देणे शुभ, हे पहिले. आणि एक घड्याळ दुरुस्तीस गेले तर दुसरे जवळ असावे, हे दुसरे. मला पहिले अधिक खरे वाटते. कारण दुसऱ्यासाठी चित्र उलटे काढण्याचे काय प्रयोजन? येथे एक भाषिक गंमत नमूद करतो. चिनी भाषेत ‘घड्याळ भेट देणे’ आणि ‘अंत्यविधीस उपस्थित राहणे’ यांचे उच्चार एकच, म्हणून आजही तेथे भिंतीवरचे घड्याळ भेट देणे अशुभ मानतात. खिशातल्या घड्याळाला मात्र ‘जुंग’ न म्हणता ‘ब्याओ’ म्हणतात, आणि त्याला हा दोष लागत नाही.

पाठीचे झाकण उघडले की आत आणखी एक काचेचे झाकण, आणि त्यातून सारे यंत्र दिसे. युरोपी ग्राहकाला यंत्र चालले की पुरे. चिनी ग्राहकाला ते चालताना पाहावयाचे होते. म्हणून आतल्या पट्ट्यापट्ट्यांवर वेलबुट्टी कोरलेली असे. तबकडीच्या मध्यातून एक लांब सेकंदकाटा निघे आणि तो सरकत न जाता सेकंदासेकंदाला टुण्‌कन उडी घेई. आजच्या बॅटरीच्या घड्याळात हे रोज दिसते. पण कमानीच्या घड्याळात चक्राचे आंदोलन सेकंदातून अनेकदा होत असताना काट्याला एकच उडी मारावयास लावणे हे अवघड काम. जिनिव्हाच्या पूझे याने १७७६ साली त्याची एक युक्ती काढली होती, आणि पुढे दातांचे टोक दुभंगलेल्या चाकाची जी साधी योजना निघाली तिला ‘चिनी ड्यूप्लेक्स’ हेच नाव पडले. संगीताचेही असेच. पूर्वी लहान लहान घंटांची उतरंड लागत असे. १७९६ साली जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र याने पोलादी दात्यांच्या फणीवर सूर काढण्याची कल्पना मांडली, तेव्हा गाणे खिशात मावू लागले.

या धंद्यात सर्वांत अधिक नाव झाले ते बोव्हे घराण्याचे. फ्लरिए या नूशातेल प्रांतातील खेड्यातला एदुआर बोव्हे हा एकवीस वर्षांचा तरुण १८१८ साली कँटनला उतरला आणि बरोबर नेलेली चार घड्याळे त्याने १०,००० फ्रँकला विकली, असे त्या पेढीच्या इतिहासात सांगतात. १८२२ साली भावांबरोबर त्याने पेढी काढली: माल फ्लरिएला घडावयाचा, लंडनमार्गे जावयाचा, विकावयाचा कँटनला. पुढे चीनमध्ये बोव्हे हे नाव घड्याळ या अर्थानेच रूढ झाले. एका डोंगरी खेड्याची चूल अशा रीतीने अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या लोकांच्या हौसेवर पेटत होती.

या हौसेची किंमत कोण देत होते, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या कँटनमध्ये बांधलेला होता आणि तोही ‘हाँग’ म्हणविणाऱ्या मोजक्या परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांच्या मार्फत. त्यांच्या डोक्यावर जकातीचा मुख्य अधिकारी. त्याला युरोपी लोक ‘होप्पो’ म्हणत. होप्पोला दरसाल बादशहाकडे नजराणे पाठवावे लागत, आणि घड्याळे हा त्या नजराण्यांचा मानाचा भाग. ती त्याने हाँग व्यापाऱ्यांकडून घ्यावयाची. पण भाव त्याच्या मर्जीचा. व्यापाऱ्याने युरोपी माणसाकडून हजारोंचे घड्याळ उधारीवर घ्यावे आणि होप्पोला अल्प किमतीत द्यावे, असा हा उफराटा व्यवहार होता. ज्या ओझ्यांखाली कित्येक हाँग घराणी बुडाली त्यांत हे एक होते; दिवाळे निघालेल्यांपैकी काहींना दूर पश्चिमेस ईलीच्या प्रदेशात हद्दपार व्हावे लागले. राजवाड्यात कमळ उमलत होते, ते यांच्या घरादारावर.

इंग्रजांचा हिशेब निराळा होता. १७८४ साली इंग्लंडात चहावरील जकात एकदम उतरली आणि चहाची मागणी वाढली. त्या चहाच्या बदल्यात चीनला द्यावयाचे काय? चांदी. घड्याळांनी ती चांदी थोडीफार परत येई, पण घड्याळे किती विकणार? १७९३ साली लॉर्ड मकार्टनी हा राजदूत सूर्यमालेचे यंत्र वगैरे नजराणे घेऊन जेहोल येथे चिएन-लुंगच्या भेटीस गेला. तेथील बागेतले मंडप त्याला दाखविण्यात आले, तेव्हा घड्याळे व स्वयंचलित खेळणी यांची तेथली दाटी पाहून आपले नजराणे खुजे ठरणार हे त्याने ओळखले. बादशहाने इंग्लंडच्या राजाला उत्तर धाडले ते असे की, आम्हाला अशा चमत्कारिक वस्तूंची मातब्बरी नाही व तुमच्या मालाची गरज नाही. ज्याच्या वाड्यात घड्याळे ठेवावयास जागा उरली नव्हती त्याने हे लिहावे, याला पुष्कळ जण ढोंग म्हणतात. मला ते केवळ ढोंग वाटत नाही. छंद असणे वेगळे आणि गरज असणे वेगळे, हा भेद त्या वृद्ध सम्राटाला कळत होता. छंद राजाचा असतो, तो राजाबरोबर जातो. १७९९ साली चिएन-लुंग वारला. त्याचा मुलगा जिआछिंग याला या वस्तूंचे वावडेच होते.

गरज निर्माण केली ती दुसऱ्याच मालाने. कॉक्सचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स १७८१ साली बापाचा उरलेला ‘सिंग-साँग’ माल खपविण्यासाठी कँटनला गेला. तेथे त्याने पेढी थाटली, डॅनिअल बील हा भागीदार घेतला. घड्याळे विकता विकता ही पेढी इतर व्यापारात शिरली. पुढे ती मॅग्निॲक घराण्याकडे गेली. हेही मूळचे लंडनच्या अशाच एका यंत्रखेळणी करणाऱ्या कारागिराचे मुलगे. १८३२ साली त्याच पेढीचे नाव झाले जार्डिन मॅथिसन. चीनच्या अफूच्या व्यापारात या नावाने काय केले ते सर्वश्रुत आहे.

आणि ही अफू कोठली? बंगाल-बिहारची कंपनी सरकारच्या मक्त्याची. परंतु तिला तोडीस तोड ठरली ती माळव्याची. इंदूर, उज्जैन, मंदसोर या होळकर-शिंद्यांच्या मुलखातली खसखशीची शेते मक्त्याबाहेर होती. तेथला माल कधी मुंबईहून, कधी कंपनीची नजर चुकवून पोर्तुगिजांच्या दमणहून गलबतांवर चढे. १८३०च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवाने देऊन, जकात घेऊन तो मुंबईमार्गे जाऊ दिला. मुंबईचे जमशेटजी जिजीभाई हे जार्डिनचे मोठे व्यवहारी. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या जुन्या मराठी वस्तीतील सावकारी वैभवाकडे पाहताना, त्यातला काही वाटा कोणत्या पिकाचा होता हे आपण फारसे बोलत नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात अफूचे युद्ध (१८३९ ते १८४२) चीनच्या प्रकरणात येते आणि माळवा मराठ्यांच्या प्रकरणात. दोहोंमधला धागा मुलांना दाखवावयाचे आपल्या हातून राहून जाते. माझ्याही हातून अनेक वर्षे राहिले.

१८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा युआन-मिंग-युआन हा उन्हाळी प्रासाद लुटला व इंग्रजांनी तो जाळला. चिएन-लुंगच्या आवडत्या घड्याळांपैकी कित्येक तेव्हा शिपायांच्या झोळ्यांतून युरोपात परतली. १९०० साली पेकिंगमध्ये पुन्हा लूट झाली. तरीही राजवाड्याच्या संग्रहालयात आज हजारावर घड्याळे आहेत, आणि राजवाड्यातल्या जुन्या कार्यशाळेपासून गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली दुरुस्तीची विद्या तेथे जतन केलेली आहे. बाहेर गेलेली घड्याळे गेल्या काही दशकांत लिलावांत निघू लागली आणि चिनी संग्राहकच ती भारी किमतींना परत विकत घेऊ लागले.

या लिलावांत जोड्या फार थोड्या येतात. बहुतेक वेळा एकच घड्याळ येते, मोती काही गळलेले, मीना शाबूत. जाणकार ग्राहक प्रथम चित्र पाहतो, पक्ष्याचे तोंड कोणत्या बाजूस आहे ते टिपून ठेवतो, आणि उलट्या तोंडाचे दुसरे कोणत्या देशातल्या कोणत्या कपाटात असेल याच्या शोधास लागतो.